कोपीवर आलेलं समन्स

मला मदत केली ती कोर्टाच्या बेलिफानं. हे आधीच सांगून टाकते. बेलीफ म्हणजे कोर्टाचे कागद ज्याचे त्याला नेऊन देणारा माणूस. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर घटस्फोटाचा दावा लावला, त्याचं समन्स याच माणसानं माझ्या हातात दिलं. असला कागद आणणाऱ्याचे कुणी उपकार मानतं का, असं माझा भाऊ अजून विचारतो. मी मानते. ते श्रीगोंद्याच्या कोर्टात होते. पन्नाशीच्या पुढचे, गळ्यात मफलर, जुनी मोटरसायकल, आणि चालताना डावा पाय जरा ओढत टाकायचे. नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. सरकारी माणूस, माझ्या लिहिण्यावरून त्यांना कुणी काही विचारायला नको. अशी धास्ती मला सारखी असते. आता काही कारण उरलं नाही तरी असते.

माझं माहेर पाथर्डीच्या डोंगराकडचं. शाळा सहावीपर्यंत. सातवीला नाव घातलं होतं, पण दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले, ती परत वर्गात बसले नाही. लग्न मिरजगावकडं झालं. सहा वर्षं नांदले. मग एका दिवाळीला नवरा मला आणि मुलीला माहेरी सोडायला आला. फाट्यावर उतरवलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि समोरून येणाऱ्या एसटीला हात करून परत गेला. पाणीसुद्धा प्यायला घरी आला नाही. त्यानंतर न्यायला कुणी आलं नाही. दोन दिवाळ्या गेल्या. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायला जायचं तर काय मिटवायचं, हेही घरात कुणाला सुचेना.

मग पोस्टाचा लखोटा आला. पोस्टमन गावातलाच. म्हणाला, "कोर्टाचा दिसतोय, हितं सही कर." मी हात पुसून पेन घेतलं, तेवढ्यात आई चुलीपुढून उठून आली आणि माझं मनगट धरलं.

"घेऊ नको."

आमच्याकडं जुन्या काळी सोडचिठ्ठी पंचांसमोर व्हायची. नवऱ्याकडचे लोक चिठ्ठी घेऊन यायचे. बाईनं ती हातात घेतली की काडीमोड झाला. नाही घेतली तर नाही झाला. माझ्या आत्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यासाठी तीनदा पंच आले आणि तीनदा आत्या मागच्या दारानं ज्वारीत जाऊन बसली. पंच चहा पिऊन परत गेले. चौथ्यांदा कुणी आलंच नाही. नवऱ्यानं दुसरी केली, पण आत्या मरेपर्यंत त्याच्या नावाचं कुंकू लावून राहिली. आमच्या घरात ही जिंकल्याची गोष्ट म्हणून सांगतात. आत्या जिंकली म्हणजे नेमकं काय मिळालं, हे मी कधी विचारलं नाही.

"न्हाई घ्यायचा," आईनं पोस्टमनला सांगितलं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग लखोट्यावर लिहिलं, 'घेण्यास नकार'. मी वाचलं ते. मला वाटलं, बरं झालं, नकार लेखी झाला.

त्याच साली भावजय बाळंतीण होती. ऊसतोडीत कोयता जोडीचा असतो, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. भावाला जोडीदार नाही म्हणून मी गेले. मुलगी पाच वर्षांची, तिला घेऊनच. आमची टोळी काष्टीच्या पुढं एका मळ्यामागं उतरली होती. बांबूच्या कमानी रोवायच्या, वर ताडपत्री नाहीतर पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला टाकायचा, की कोपी झाली. पुढून मोकळी. मांजर आलं, वारा आला, मुकादम आला, सगळे एकाच वाटेनं आत.

तिकडं गावी पाथर्डीचा बेलीफ आमच्या घरी जाऊन कुलूप बघून आला, हे मला फार नंतर कळलं. शेजारच्या म्हातारीनं त्याला सांगितलं, काष्टीकडं तोडीला गेलेत, पाडव्याच्या आत काय यायची न्हाईत. त्यानं ते तसंच लिहून दिलं. म्हणून कागद फिरत फिरत श्रीगोंद्याच्या कोर्टाकडं आला, काष्टी त्यांच्या हद्दीत.

बेलीफ पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही उसाच्या फडात तोडीवर होतो. सकाळचे दहा वाजले असतील. बांधावर मोटरसायकल थांबली आणि खाकी पिशवी घेतलेला माणूस पाय ओढत आत येताना दिसला. उसाचं पान डोळ्यातोंडाला कापतं, कुसळ लागतं, म्हणून आम्ही बाया तोंड बांधूनच काम करतो. मी फडकं आणखी वर ओढलं.

त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं, नवऱ्याच्या नाव-गावासकट. "ह्या बाई कोण?"

सगळे ऊस तोडत राहिले. टोळीची ही रीतच आहे. बाहेरचा माणूस कागद घेऊन नाव विचारायला आला, की टोळीत ते नाव नसतं. मग तो बँकेचा असो, पोलीस असो नाहीतर दवाखान्याचा.

"असं कुनी न्हाई आमच्यात," भाऊ म्हणाला. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता.

"टोळी समदी पाथर्डीकडची हाय," मुकादमानं जोड दिली. "मिरजगावचं कोन सुदीक न्हाई."

टोळीत एक म्हातारी होती, तिला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊसायब, बाया हाईत बारा. समद्यांची तोंडं बांधल्याली. तुमाला जी पायजे ती उचला."

फड हसला. बेलीफही हसले. "उचलायला मी काय मोळी न्यायला आलोय का, आज्जी?"

मग त्यांनी कागद पुन्हा एकदा बघितला. बायांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती जरा थांबली असं मला वाटलं, पण भ्यायलेल्या माणसाला तसं वाटतंच. काही न लिहिता पिशवी बंद करून ते गेले.

"गेला बघ," भाऊ म्हणाला. "आत्यासारखंच झालं." तो खूश होता. मीही होते, पहिल्या दोन मोळ्या बांधून होईपर्यंत. पुढं दिवसभर डोक्यात एकच, तो पेनाला हात न लावता का गेला?

तिसऱ्या दिवशी ते परत आले. दुपारची वेळ, आम्ही कोप्यांपुढं भाकरीला बसलो होतो. मोटरसायकल दिसताच मी तोंड परत बांधलं. या खेपेला त्यांनी कुणाचं नाव विचारलं नाही. पाणी मागितलं. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या एका भाऱ्यावर बसले, पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि जिजीशी बोलायला लागले, जणू भाचीच्या घरी आलेत.

"आज्जी, ती बाई टोळीत न्हाई असं मी अजून लिहिलं न्हाई."

"का बरं?"

"मला खोटं लिहिता येत न्हाई. आन् खरं लिहावं, तर नुकसान तिचंच हाय."

"खरं काय लिव्हनार तुमी?"

"नकार दिला म्हणून. पोस्टाच्या लखोट्यावर एक नकार हायेच. हा दुसरा. मग न्यायाधीश साहेब म्हणणार, बाईला कळवलं हुतं, ती आली न्हाई. चालवा तिच्यावाचून. एकतर्फी निकाल लागंल आन् ह्या बाईला पाडव्याला घरी गेल्यावर कळंल."

भाऊ भाकरीचा घास हातात धरून म्हणाला, "पन कागद घेतलाच न्हाई, तर लागू कसा व्हतोय?"

"नकार दिला, तरीबी घेतल्यागतच धरत्यात, दादा. गावी घर उघडं असतं आन् कुणी घेईना, तर बेलीफ दाराला कागद चिकटवून गेला असता. त्येबी चालतं. हितं कोपीला दारच न्हाई. म्हणून मला माणूस हुडकावं लागतंय."

जिजीनं तोंडातला घास गिळला. आमच्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न तिनं विचारला. "आन् हातात घेतला, म्हंजी सोडचिट्टी घेतली न्हवं का?"

"लग्नाची पत्रिका हातात घेतली म्हणून लगीन लागतं का, आज्जी? दिस कळतो, बास. ह्यातबी तारीख हाय. तिथं जाऊन हो म्हणायचं का न्हाई म्हणायचं, ते तिचं ती ठरवंल." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग कुणाकडंच न बघता म्हणाले, "वाचायचं माझं काम न्हाई, पर डोळ्याखालनं गेलं. अर्जात पोरीचा ताबा मागितलाय बापानं."

माझी मुलगी तेव्हा कोपीत पाचटावर बसून दुधात भाकरी कुस्करत होती. दूध शेजारच्या मळ्यातलं, रोज एक ग्लास. मला तिची पाठ दिसत होती. नवरा मला नेणार नाही, हे मला त्या फाट्यावरच कळलं होतं. त्याचं मी मनात काही धरलं नव्हतं. पण ही जाईल असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी इकडं कागद चुकवत बसणार आणि कुणीतरी खुर्चीवर बसून, मी नसतानाच, हिला देऊन टाकणार.

मी तोंडाचं फडकं सोडलं.

"मीच ती."

"गप बस," भाऊ म्हणाला.

"दादा, पोरीचं हाय ह्यात."

तो ताट तसंच ठेवून उठला आणि फडाकडं निघून गेला.

बेलिफांनी लगेच कागद पुढं केला नाही. आधी विचारलं, "वाचता येतंय का?"

"सहावी झालीय."

"लई झालं. आधी तारीख वाच, मोठ्यांदा. मग सही कर. कोऱ्या मनानं सही करायची न्हाई, कुठंच."

मी तारीख वाचली. कोर्टाचं नाव वाचलं. मग सही केली. उसाच्या रसानं बोटं काळी चिकट झालेली, सही चौकटीच्या बाहेर गेली. मला वाटलं आता हे रागावणार, नवीन कागद लागणार. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ओळखू येतीय." ओळखणारा साक्षीदार लागतो म्हणून जिजी पुढं झाली. शाईच्या डबीत अंगठा बुडवून म्हणाली, "बगा बाबा, कोयत्यानं रेघा खाल्ल्यात माज्या, उमटतंय का." पहिला अंगठा नुसता काळा ठिपका उठला. दुसऱ्या वेळी त्यांनी तिचा हात धरून हळूच दाबला, मग उमटला.

जाताना त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. "वकील न्हाई म्हणून घरी बसायचं न्हाई. कोर्टात विधी सेवा समिती असती, बाईमाणसाला फुकट वकील देत्यात. तिथं जाऊन मागायचा. लाजायचं न्हाई." तिसऱ्यांदा सांगितलं ते मोटरसायकलवर बसल्यावर, गाडी चालू करून.

समन्साबरोबर नवऱ्याच्या अर्जाची नक्कल होती. ती मी तीन दुपारी बसून वाचली. मी त्यात जाबदेणार होते, म्हणजे जिच्यावर दावा लावला ती. जाबदेणार स्वतःहून घर सोडून गेली, असं लिहिलं होतं. पिशवी हातात देऊन सोडलेल्या बाईला असं लिहितात, हे वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं दमल्यासारखं झालं. पण पुढं एक वाक्य होतं, की जाबदेणार अल्पवयीन मुलीस घेऊन रानोमाळ भटकते, मुलीस शाळा नाही, निवारा नाही. ते मात्र लागलं, कारण त्यातलं खोटं काय ते मला काढून दाखवता येईना.

तारखेला जायचं म्हटल्यावर मुकादम वैतागला. "तारीक म्हंजी त्या दिवशी कोयता मोडला. जोडीला कोन ह्याच्या? मी?"

"मी धरते त्याच्यासंगं," जिजी म्हणाली. "म्हातारी झाले, मेले न्हाई."

कागद घेतल्यापासून भाऊ माझ्याशी धड बोलला नव्हता. त्या सकाळी मात्र आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला, मुलीला खांद्यावर घेऊन. एसटी आल्यावर म्हणाला, "कुनी काय इचारलं तर हळू बोल. घाबरलीस की तू लई भरभर बोलतीस."

काष्टीहून श्रीगोंदा, तिथून पुढं दुसरी गाडी, कारण दावा नवऱ्याच्या मिरजगावकडच्या कोर्टात होता. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. मी मुलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले आणि दर पुकाऱ्याला दचकत होते. आमचं नाव आलं तेव्हा आत गेले, पण दारातल्या गर्दीमागंच अडकले. पुढं नवरा उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याचा वकील म्हणत होता की समन्सची बजावणी रीतसर झालेली आहे, जाबदेणार गैरहजर आहे, तरी एकतर्फी...

"हाय," मी मागून म्हणाले. "हजर हाय मी."

भाऊ म्हणाला तसंच झालं, भरभर आणि मोठ्यानं निघालं. दोनचार जण हसले. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मान वर करून मला पुढं यायला सांगितलं. वकील कोण, विचारलं.

"न्हाई कोन. पर फुकटचा मिळतो म्हणत्यात. तो पायजे."

पुन्हा हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं, शिपायाला मला समितीच्या खोलीकडं न्यायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. एवढंच. दोन मिनिटांचं काम झालं. पण त्या दोन मिनिटांत मी तिथं नसते, तर वकिलाचं वाक्य पुरं झालं असतं. नवऱ्यानं बाहेर आल्यावर मुलीकडं बघितलं. हाक मारली नाही. तिनं मला विचारलं, "हे कोन?" मी तिला सांगितलं, हे तुझे पप्पा. ती माझ्यामागं लपली.

पुढं वर्षाच्या वर तारखा पडत राहिल्या. तारखांचं लिहिण्यासारखं काही नाही. जायचं, बसायचं, पुढली तारीख घेऊन यायचं. समितीनं दिलेली वकीलबाई तरुण होती, तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "मुलगी शाळेत आहे का?" मी नाही म्हणाले. "मग आधी ते करा. बाकीचं मी बघते." पाडव्याला टोळी गावी परतली तेव्हा मी परत गेले नाही. काष्टीतच कॉलेजच्या मुलांच्या एका खानावळीत भाकऱ्या करायचं काम धरलं, मागं एक खोली मिळाली, मुलीचं नाव शाळेत घातलं. आई फोनवर रडली. लोक काय म्हणतील, एकटी बाई, परका गाव. मला तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. सुरुवातीला दारावर कुणी थाप मारली तरी मी आधी विचार करायची, हा कशाचा कागद असेल. अजूनही करते.

शेवटी नवराच कंटाळला. त्याला दुसरं लग्न करायचं होतं, थांबायचं नव्हतं. वकिलांनी आपसात बोलून घेतलं. घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला. मुलगी माझ्याकडं. बापानं महिन्यातून एकदा भेटायचं, असं हुकुमात लिहिलं आहे. तो दोनदा आला, मग आला नाही. आई अजून म्हणते, त्या दिवशी कागद घेतला नसतास, तर काडीमोड झाला नसता. मी तिला बेलिफांची ती लग्नपत्रिकेची गोष्ट सांगून बघितली. ती म्हणते, तुला कोर्टानं बोलायला शिकवलं.

हुकुमाची नक्कल मिळाली, त्या आठवड्यात मी श्रीगोंद्याच्या कोर्टात गेले. बेलिफांना सांगावंसं वाटलं. आत जायला धीर होईना, म्हणून फाटकापाशी थांबले. दोन तासांनी ते आले, तीच मोटरसायकल. मी पुढं होऊन नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही.

"मी ती, काष्टीची. ऊसतोडीची टोळी. कोपीवर समन्स दिलं तुमी."

"कोपीवर तर मी लई जणांना देतो, ताई. तोंडं न्हाई ध्यानात ऱ्हात."

मला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, भरभरच. मुलगी माझ्याकडं आहे, दुसरीला आहे, पाढे येतात. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं. लोक मला बघून आत पळत्यात. परत येऊन सांगणारी तुमी पयलीच." आपलं काम म्हणून केलं, असंही म्हणाले. मला ते पटलं नाही. कामच करायचं असतं, तर पहिल्याच दिवशी त्या कागदावर 'नकार' लिहून मोकळे झाले असते. तीन दिवसांनी पाय ओढत परत यायचं कुणी सांगितलं होतं त्यांना?

बोलता बोलता कळलं, की त्यांचं रिटायरमेंट जवळ आलं आहे. घरची लिंबाची बाग आहे, दीडेकशे झाडं. मुलं पुण्याला. "लिंबं धरत्यात भरपूर, पर तोडायला माणूस मिळंना. काट्याला भेत्यात," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन आत गेले.

तर मी इथं लिहून ठेवते. ते रिटायर झाले, की एका उन्हाळ्याच्या बहाराला मी खानावळीतून सुट्टी काढून त्यांच्या बागेत जाणार आहे आणि सगळ्या झाडांची लिंबं तोडून देणार आहे. मजुरी घेणार नाही. त्यांना मी तेव्हाही आठवणार नाही कदाचित. पुन्हा सांगेन, काष्टीची, ऊसतोडीची टोळी. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, मुलीची शाळा आहे, खानावळीचा मालक सुट्टी द्यायला कुरकुरतो. पण जाणार.